नाचून राह्यलो : शनिवारच्या रात्रीचं नागपुरी गाणं

नागपूरच्याच एका बावीस वर्षांच्या मुलाने विचारलंय : "दादा, मला शनिवारच्या रात्रीचं, पिण्या-नाचण्याचं मराठी गाणं करायचं आहे. मुखडा लिहिला, बीट लावली, पण मित्र म्हणतात की हे शाळेच्या गॅदरिंगचं गाणं वाटतं. काय चुकतंय? टेम्पो किती ठेवू? व्हिस्कीच्या ब्रँडचं नाव घेतलं तर चालेल का? आणि डीजेंनी ते वाजवावं म्हणून काय करू?" सोबत त्याने गाण्याचं कच्चं रेकॉर्डिंग पाठवलंय. त्यातला मुखडा असा :

वीकेंड आला, मद्य आणा,
रात्रभर आपण नाचूया,
जीवन एकदाच मिळते मित्रा,
दुःख सारे विसरूया.

चार वर्षं डीजे म्हणून आणि त्यानंतर एकवीस वर्षं अरेंजर, म्हणजे गाण्याची वाद्यं बांधणारा, म्हणून मी हेच काम करतोय. लग्नाच्या लॉनवर वाजवलंय, हॉटेलांत वाजवलंय, मिरवणुकीच्या ट्रकवरही उभा राहिलोय. त्यामुळे उत्तर लांबेल, पण तुझा प्रश्न मला मनापासून आवडला. चांगलं मराठी पार्टीचं गाणं करणं सोपं नाही आणि आपल्याकडे त्याची फार गरज आहे.

आधी शब्दांकडे येऊ, कारण तुझी बीट ठीक आहे.

आपल्याकडे मद्य कोणी आणत नाही. ‘मद्य’ हा शब्द उत्पादन शुल्क खात्याच्या कागदावर असतो, नाहीतर इशाऱ्याच्या पाटीवर. तुझ्या मित्रांच्या तोंडी हा शब्द कधी आला असेल का, आठवून बघ. आपले लोक बसतात. "आज बसायचं का?" एवढंच विचारलं जातं आणि त्यात काय पिणार, कुठे, कोण-कोण, वर्गणी किती, घरी काय सांगायचं, सगळं ठरून जातं. "तो बसतो का?" या प्रश्नाचा अर्थ नागपुरात पोराटोरांनाही कळतो. पव्वा, निप, खंबा, चखना हे शब्दही आपलेच आहेत. आणि ‘संत्रा’ म्हणालास तर नागपूरच्या माणसाला दोन गोष्टी दिसतात, एक फळ आणि दुसरी देशीची बाटली. असा दुहेरी शब्द गीतकाराला आयता मिळत असताना तू ‘मद्य’ कशाला लिहितोस?

पण ‘बसणे’ या शब्दातच तुझ्या गाण्याची खरी अडचण आहे. पार्टीचं गाणं उभं राहून गायचं असतं, आणि मराठी पिणं बसून चालतं. बसलेला माणूस बोलतो, जुनं उकरतो, नोकरीचं सांगतो, दहावीतल्या मुलीचं नाव काढतो आणि तिसऱ्या ग्लासाला त्याचे डोळे भरून येतात. म्हणून मराठीत पिण्यावर गाणं लिहायला घेतलं की ते हळूहळू विरहाकडे किंवा उपदेशाकडे घसरतं. तुझंही चौथ्या ओळीत ‘दुःख सारे’वर पोचलंच ना. दुःखाचं नाव काढलंस की नाचणारा माणूस थांबतो.

तेव्हा गाण्यात काय घडतं ते ठरव. माझं मत स्पष्ट आहे : पिणं हा गाण्याचा विषयच होऊ शकत नाही. ग्लास टेबलावर असू दे, त्याच्याबद्दल गाऊ नकोस. बसलेल्यांपैकी कोणीतरी एकदम उठतो, खुर्ची मागे सरकते आणि बाकीचे त्याच्याकडे बघतात, तिथे गाणं सुरू होतं. सहा दिवस ज्याने खुर्चीत, काउंटरमागे, नाहीतर बाइकवर पार्सल घेऊन काढले, तो उठतो. शनिवारच्या गाण्यात आनंद त्या उठण्याचा असतो. मी आजवर डान्स फ्लोअर भरताना पाहिले, ते याच जागेवर भरले.

एक मोठी गोष्ट इथेच सांगतो. ज्या कानांसाठी तू लिहितोस, त्या कानांत दारूबद्दल दुसरंही खूप काही साठलेलं आहे. मराठी रंगभूमीवरचं दारूबद्दलचं सर्वांत गाजलेलं नाटक म्हणजे ‘एकच प्याला’, एका घराच्या नाशाची शोकांतिका. ते लिहिणारे राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ला वारले ते आपल्या सावनेरला. इथून तासाभराच्या अंतरावर. तुकडोजी महाराजांनी याच विदर्भात खंजिरी वाजवत गावोगाव व्यसनाविरुद्ध सांगितलं, आणि तुझ्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. तुझ्या आजीने ती भजनं म्हटलेली असणार. शेजारचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा आहे, गडचिरोलीत १९९३पासून बंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ बंदी होती. चंद्रपूरची ती बंदी कोणाच्या लहरीने आली नाही, बायकांनी रस्त्यावर येऊन मागितली. हे सगळं माहीत असलेल्या लोकांसमोर "पिऊया, पिऊया" असं गायलास तर अर्धा हॉल मनातून आखडतो, तोंडाने काही बोलला नाही तरी. उठून नाचणं मात्र सगळ्यांचं असतं. न पिणाऱ्याचंही असतं.

आता मुखडा. मुखडा कोण गाणार आहे ते आधी बघ. तू गाणार नाहीस, समोरचे दोनशे लोक गाणार आहेत. त्यातल्या निम्म्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसतो, काहींची जीभ जड झालेली असते आणि एकालाही शब्द पाठ नसतात. म्हणून मुखड्यात जोडाक्षरं नकोत, आणि शेवट आ, ओ, ए अशा उघड्या स्वरावर हवा, म्हणजे तोंड आपोआप उघडतं. ‘विसरूया’ बघ : शेवटी ‘या’ आहे, पण त्याआधीच ‘रू’वर ओठ पुढे येतात, आवाज आत जातो. ‘ऊ’वर ओरडता येत नाही. तुझ्या मुखड्यात ‘नाचूया’ आणि ‘विसरूया’ हे दोन्ही त्या ‘ऊ’वरून घसरत संपतात.

गॅदरिंगचा वास येतो तो दुसऱ्या एका कारणाने. ‘मिळते’, ‘सारे’, ‘विसरूया’ ही छापील मराठी आहे. नागपूरचं पोट्टं रात्री अकराला असं बोलत नाही. ते काय म्हणतं? "काय करून राह्यला बे?" आणि उत्तर येतं, "नाचून राह्यलो!" पुण्या-मुंबईचे लोक आपल्या या ‘करून राहिलो’ला हसतात, म्हणून आपली मुलं माइकसमोर आली की ते झाकून ठेवतात. मला याचं फार वाईट वाटतं. कारण लयीच्या हिशेबाने हा प्रयोग म्हणजे सोनं आहे. प्रमाण भाषेतलं ‘नाचतोय’ घे : ना-च-तोय, तीन तुकडे, त्यातला मधला हलका. चार ठोक्यांत तो नीट बसत नाही, कुठेतरी ओढावा लागतो. ‘नाचून राह्यलो’ म्हणून बघ : ना, चून, राय, लो. लिहिताना जोडाक्षर दिसतं, तोंडात ते उरत नाही. चार जड तुकडे. चार किक (ड्रमचे जाड ठोके), चार अक्षरं, प्रत्येक ठोक्याला एक. शेवट ‘ओ’वर. हे मला कळायला बारा वर्षं लागली, तू पहिल्या गाण्यातच वापर.

त्यात आणखी एक सोय आहे. ‘राह्यलो’ एकटा मुलगा म्हणतो, तसंच ‘आम्ही नाचून राह्यलो’ असं मुलींचा घोळकाही म्हणतो. आम्हीच्या रूपात मराठी मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. म्हणजे हॉलमधल्या सगळ्यांना एकच ओळ गाता येते, कोणाला ‘लो’चं ‘ली’ करावं लागत नाही. हिंदीत हे इतकं सहज होत नाही.

मग मुखडा प्रश्नोत्तराचा करून टाक :

काय करून राह्यला बे? — नाचून राह्यलो!
कुठं जाऊन राह्यला बे? — नाचून राह्यलो!
बसला होता, उठला कसा? — नाचून राह्यलो!

प्रश्न गायकाचा, उत्तर हॉलचं. उत्तर कधी बदलू नकोस. दुसऱ्यांदाच लोक ओरडायला लागतील, कारण त्यांना काही लक्षात ठेवावं लागत नाही. हे मी कुठे शिकलो सांगू? मारबतीच्या, म्हणजे ईडा-पीडा घालवायला काढतात त्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत उभा राहा. पिवळी मारबत १८८५पासून निघते आहे आणि आजही गर्दी एकच हाक देते : ईडा-पीडा, रोगराई, "घेऊन जा गे मारबत!" पुढचा माणूस दरवर्षी नवीन काहीतरी जोडतो, महागाई जोडतो, भ्रष्टाचार जोडतो. मागून येणारं उत्तर तेच असतं. सव्वाशे वर्षांहून जुनी ही हाक कुठल्याही स्टुडिओत बसून सुचणारी नाही. तिची नक्कल करू नकोस, ती देवकार्यातली आहे. तिची बांधणी मात्र शिकून घे.

अंतऱ्यात आठवड्याची गोष्ट सांग. इथे आपल्या शहराने तुला आणखी एक देणगी दिली आहे, आणि ती अजून कोणी वापरलेली मी तरी ऐकली नाही. आपल्या वस्त्यांना वारांची नावं आहेत : सदरची मंगळवारी, महालातला बुधवार बाजार, शुक्रवारी तलाव म्हणजे आजचा गांधीसागर, आणि इतवारी. आठवडी बाजारांतून आलेली नावं आहेत ही. म्हणजे आठवडा सांगता सांगता तू शहरातून फिरतोस.

मंगळवारी फायली, बुधवारी बोलणी,
शुक्रवारी साहेबाची नवीन मागणी,
शनवारी सहाला मोबाइल बंद,
इतवारी उजाडेतो हाच आनंद.

हे मी घाईत लिहिलंय, शेवटची ओळ कच्ची आहे, तू सुधार. पण बाहेरच्याला यात फक्त वार ऐकू येतील आणि नागपूरवाल्याला वारही ऐकू येतील, रस्तेही दिसतील. गाणं आपलं वाटावं म्हणून ‘ऑरेंज सिटी, ऑरेंज सिटी’ असं ओरडावं लागत नाही. फुटाळा, तर्री-पोहे, सावजी ही यादी तर अजिबात करू नकोस. प्रत्येक नागपुरी गाण्यात ती असते. एखादी गोष्ट घे आणि तिला काम दे. उदाहरणार्थ, गाणं रविवारी सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर संपतं, सगळे उभे, डोळ्यांत झोप, कानात अजून तोच ठोका. मग पोहे तिथे शोभेचे राहत नाहीत, ते रात्र संपल्याची खूण होतात.

आणि तुझा शनिवार कोणाचा आहे, हेही पक्कं कर. राज्य सरकारी कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२०पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, त्यांचा वीकेंड शुक्रवारी संध्याकाळी लागतो. मिहानच्या आयटी-औद्योगिक वसाहतीत परदेशी क्लायंटच्या वेळेवर काम करणाऱ्या मुलीची शुक्रवारची शिफ्ट शनिवारी पहाटे सुटते. इतवारीतल्या किराणा दुकानातला नोकर शनिवारी रात्री नऊपर्यंत पोती मोजतो. मला विचारशील तर गाणं त्या तिसऱ्याचं कर, आणि माझ्या ओळींतल्या फायली, साहेब, सहाची वेळ त्याच्या हिशेबाने बदल. ज्याला एकच दिवस मिळतो, त्याची रात्र सर्वांत मोलाची असते.

तो एक दिवसही फुकट मिळालेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याचे सातही दिवस काम चालायचं. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना संघटित करून वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, तेव्हा १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी ठरली. रविवार हा खंडोबाचा वार, हाही त्यांचा एक मुद्दा होता. आपल्याकडे एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ला सुरू झाली होती. मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी जुनी माणसं आजही भेटतात. तुझ्या गाण्यात हा इतिहास शब्दांत नको, पण आवाजात येऊ शकतो. ड्रॉपच्या, म्हणजे ठोका पूर्ण जोराने पडतो त्या जागेच्या आधी तू इंटरनेटवरचा तयार रायझर (चढत जाणारा आवाज) लावलाय, तो काढ. त्याजागी भोंगा बनव : एक सॉ वेव्ह (सिंथचा करकरीत आवाज), खालून वर आठ मात्रांत चढणारी, थोडी खरखर, भरपूर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. सुट्टीचा भोंगा. ऐकणाऱ्याला कारण कळणार नाही, पण अंगावर काटा येईल.

टेम्पोचं विचारलंस. १२८ ठेव, म्हणजे मिनिटाला १२८ ठोके. क्लबमध्ये चालतो, आणि हिशेबालाही सोपा पडतो. १२८ला चार ठोक्यांचा एक बार १.८७५ सेकंदांचा होतो, सोळा बार म्हणजे बरोबर ३० सेकंद, चौसष्ट बार म्हणजे दोन मिनिटं. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्याशिवाय गाणं ऐकलं म्हणून मोजलंच जात नाही. म्हणजे पहिल्या सोळा बारांच्या आत तुझा ‘नाचून राह्यलो’ एकदा कानावर पडला पाहिजे. तुझ्या आत्ताच्या गाण्यात मुखडा यायला ५२ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात रिक्षावाल्याने गाणं बदललेलं असतं. आठ बार नुसता ठोका, आठ बार मुखडा, मग सोळा बार अंतरा, आठ बार चढण, ड्रॉप. सगळं मिळून पावणेतीन मिनिटांच्या वर नेऊ नकोस.

सूर. तू गाणं काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) धरलंस ते बरोबर आहे, बहुतेक पुरुषांना ते सोयीचं पडतं. चूक ही की मुखडा तू मध्य सा ते ग एवढ्यातच घोळवलास. तो बोलण्याचा सूर झाला, ओरडण्याचा नाही. मुखडा मध्य पंचमापासून तार षड्जापर्यंत, म्हणजे मधल्या ‘प’पासून वरच्या ‘सा’पर्यंत ने, चार-पाच स्वर फक्त, उड्या नकोत. पुरुष तिथे जोर लावून गातात, आणि मुली तेच वरच्या सप्तकात घेतात तरी त्यांना ताण पडत नाही. अंतरा मात्र खाली ठेव, बोलल्यासारखा. खालून वर आलं की उठल्यासारखं वाटतं, आणि आपलं गाणं उठण्याचंच आहे.

ठोक्याबद्दल थोडं रेंगाळतो, कारण इथे माझा जीव आहे. नुसती चार किकची इलेक्ट्रॉनिक बीट जगात सगळीकडे सारखीच असते. तिच्यावर आपला ढोल बसवायचा. ताजबागच्या दर्ग्याच्या संदलपासून, म्हणजे उरुसाच्या मिरवणुकीपासून लग्नाच्या वरातीपर्यंत हे ढोल नागपूरच्या कानात आहेत. ‘संदल लाव’ एवढं म्हटलं की आपल्याकडचा डीजे समजतो. तयार सॅम्पल वापरू नकोस, वाजवणाऱ्यांना बोलव आणि त्यांचे पैसे आधी ठरव. बंद खोलीत ढोल रेकॉर्ड केलास तर भिंतींवरून परतणारा आवाज सगळं चिखल करतो. मी गच्चीवर करतो, पहाटे, गाड्या सुरू व्हायच्या आत. एक माइक टिपरीच्या बाजूला हातभर अंतरावर, दुसरा जाड बाजूला, तिसरा दहा फुटांवर हवेसाठी. आणि वादकांना मेट्रोनोमवर (ठोके मोजणाऱ्या यंत्रावर) जखडू नकोस. त्यांना १२८ची किक ऐकव, दोन मिनिटं वाजवू दे, त्यातले उत्तम चार बार उचल. ते ठोक्याच्या किंचित मागे-पुढे वाजवतात, त्यातच नाच असतो. सगळं ग्रिडवर, म्हणजे कॉम्प्युटरने आखलेल्या काटेकोर ठोक्यांवर ओढून बसवलंस तर गच्चीवर जमवलेलं सारं कॉम्प्युटरने पुसल्यासारखं होईल.

किक ५०-६० हर्ट्‌झवर ठेवशील तेव्हा ढोलाच्या जाड बाजूला तिथून हटवावं लागेल, नाहीतर दोघं एकमेकांना खातात. ढोलाचा खालचा भाग ९०च्या खाली कापून टाक, त्याची थाप वर २-३ किलोहर्ट्‌झला उघड. बेस १०० हर्ट्‌झच्या खाली मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरांत सारखाच ठेव. मोबाइलच्या स्पीकरला एवढा खालचा आवाज झेपत नाही, म्हणून बेसला थोडं सॅच्युरेशन (हलकी खरखर) देऊन त्याचे वरचे हार्मोनिक्स, म्हणजे सोबतचे उंच सूर आण, म्हणजे मोबाइलवरही बेस असल्याचा भास होतो. मास्टर, म्हणजे शेवटची तयार फाइल, फार दाबू नकोस. स्पॉटिफाय, यूट्यूब शेवटी उणे १४ लफ्सच्या (आवाजाच्या मोठेपणाचं माप) आसपास आणूनच वाजवतात, मग तू आवाज चेपून मिळवलेलं सगळं वाया जातं आणि ढोलाची थाप मेलेली राहते.

स्वतःच्या कानांची काळजी घे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये कार्यक्रमांसाठी मर्यादा दिली आहे : पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर नको. मी डीजे असताना ट्रकवर स्पीकरच्या बॉक्सला पाठ टेकून उभा राहायचो. उजव्या कानात आता कायमची शिट्टी आहे. आठ किलोहर्ट्‌झच्या वरचं काही तपासायचं असलं की मला माझ्या असिस्टंटला विचारावं लागतं. कापूस चालत नाही, इअरप्लग घे.

ब्रँडचं नाव घेऊ नको. दारूची जाहिरात टीव्हीवर करता येत नाही, आडवाटेनेही नाही, आणि गाण्यात ब्रँड आला की चॅनेल हात आखडतं. खाजगी एफएमनाही आकाशवाणीची कार्यक्रम संहिता पाळावी लागते. २०२२च्या अखेरीस केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयाने त्यांना पुन्हा लेखी बजावलं की दारू, अमली पदार्थ, हत्यारं यांचा गौरव करणारी गाणी लावू नका. शिवाय महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५ लागतं. तू बावीसचा, तुझे श्रोते अठरा-वीसचे. त्यांच्या तोंडी व्हिस्कीचं नाव घालायचं का, हे तूच ठरव. मी घातलं नसतं.

पण कायद्यापेक्षा मोठं कारण धंद्याचं आहे. मराठी पार्टीचं गाणं पबमध्ये किती वाजतं? तासाभरात एखादं, तेही कोणी चिठ्ठी दिली तर. ते वाजतं हळदीला, वरातीत, विसर्जनाला, मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला लॉनवर. तिथे आत्या नाचते, सासरा नाचतो, आठ वर्षांची मुलगी सर्वांत पुढे असते. तिच्या तोंडी ‘पव्वा’ आला की काका येऊन डीजेला सांगतो, "हे बंद कर रे." आणि ते गाणं त्या डीजेच्या पेनड्राइव्हमधून कायमचं जातं. वर्ध्याच्या लग्नांत तर ते लागणारच नाही. ‘काय करून राह्यला’ मात्र सगळीकडे चालेल. बसला होता, उठला कसा, यात ज्याला ग्लास बघायचा तो बघेल, मुलीला खुर्ची दिसेल. म्हणून मी म्हणतो पिणं शब्दांच्या मागे ठेव. ते लपवायचं म्हणून नाही, गाणं जास्त लोकांचं व्हावं म्हणून.

रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी. सणावाराची मोजकी सूट सोडली तर वरातीचा डीजे साडेनऊला घड्याळ बघायला लागतो. त्याच्या हातात नाचाचा खरा वेळ तासाभराचा. तेवढ्यात तो ओळखीची गाणी लावतो. नवीन गाणं तो घेईल ते जर त्याला आधीच्या गाण्याला सहज जोडता आलं तर. म्हणून त्याच्यासाठी वेगळी आवृत्ती कर : सुरुवातीला सोळा बार फक्त ढोल आणि किक, शेवटी सोळा बार फक्त ढोल आणि किक. मध्ये ‘उत्तरा’च्या जागी गायकाचा आवाज बंद असलेली चार बारांची जागा सोड, म्हणजे लोक ओरडतील आणि डीजेला वाटेल की हे त्याने घडवलं. एक १०४ टेम्पोची वरातीसाठी वेगळी बांध, कारण चालता चालता १२८ला नाचवत नाही. दहा-बारा डीजेंना स्वतः जाऊन दे. फाइल पाठवून कोणी ऐकत नाही, चहा पाजून ऐकवावं लागतं.

कागदाचं काम थोडक्यात. गीतकार आणि संगीतकार म्हणून तुझं नाव आयपीआरएसमध्ये, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत नोंदव. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने तुझा रॉयल्टीचा हक्क तुझ्याकडेच ठेवला आहे, कोणी "सगळे हक्क" लिहून मागितले तरी. जुन्या गाण्याचा तुकडा घालायचा मोह झाला तर चालीच्या मालकाची आणि रेकॉर्डिंगच्या मालकाची, दोन्ही परवानग्या लागतात.

एक गोष्ट राहिली, आणि ती मी प्रत्येक मुलाला सांगतो. तुझ्या दुसऱ्या अंतऱ्यात ‘बाइक काढली, ट्रिपल सीट, अमरावती रोडला हवेशी भेट’ असं आहे. चाल छान आहे. ती ओळ काढ. माझा पहिला ढोलकी वादक, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, याच रस्त्याच्या ढाब्यावरून शनिवारी रात्री परत येताना गेला. मागे बसलेला वाचला. आम्ही त्याच रात्री त्याच्या हाताचे चार बार रेकॉर्ड केले होते, अजून माझ्या हार्ड डिस्कवर आहेत, ते मी कुठल्याही गाण्यात वापरू शकलेलो नाही. शंभर मिलीलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमची मर्यादा, दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, हे सगळं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५मध्ये आहेच. पण नाचताना तोंडात बसलेली ओळ माणूस गाडीवर बसल्यावरही म्हणत असतो. त्या ओळीत त्याला काय करायला सांगायचं, एवढं तुझ्या हातात आहे. पोरं घरी कशी गेली ते गाण्यात हवंच असेल तर ती पहाटेपर्यंत तिथेच नाचली, उजाडल्यावर ऑटो करून पोह्याच्या ठेल्यावर आली असं लिही. चाल तीच बसते, मी म्हणून बघितली :

ऑटो केला, सहा जण, मागे ढोल,
ठेल्यावर तर्रीला तोच घोळ.

‘घोळ’ तुला आवडणार नाही, मलाही आवडलेला नाही. ‘ढोल’ला चांगलं यमक शोध. दुसरा ड्राफ्ट झाला की ढोलवाल्यांची तारीख घ्यायच्या आधी मला ऐकव, फक्त टाळी आणि आवाजात, बीट न लावता. टाळीवर चार लोक उठले तर पुढचं सगळं आपण करू.